लष्करी तळावरच्या जमिनीचा वापर बदलतो तेव्हा: पर्यावरणावरचा परिणाम तपासायला नव्याने शिकणाऱ्यांसाठी

ठाण्यात कोलशेत रस्त्याने गेलात की एका बाजूला टॉवर आणि दुसऱ्या बाजूला हवाई दलाच्या तळाची भिंत दिसते. भिंतीपलीकडे मोकळी जमीन, जुनी झाडं आणि गवत आहे. येऊरच्या डोंगरावरही हवाई दलाचा तळ आहे, तो तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागूनच. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी धावपट्टीसाठी शेतजमिनी घेतल्या होत्या. त्या जमिनींवरून जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं होतं. उरणजवळ करंजाला नौदलाचं शस्त्रागार आहे. म्हणजे ठाणे, नवी मुंबई आणि आसपास लष्करी जमीन बरीच आहे, आणि तिच्यावर कधी ना कधी काहीतरी बदलणारच: नवी निवासस्थानं, गोदामं, रस्ता, सौर प्रकल्प, क्वचित जमिनीचं हस्तांतर.

असा बदल होणार असं कळलं की पहिला प्रश्न येतो, 'किती झाडं तोडणार?' प्रश्न बरोबर आहे, पण तो पाचवा-सहावा असायला हवा. ही जमीन आज शेजारच्या वस्तीसाठी काय काय करते आणि उद्या त्यातलं काय बंद पडेल, हे आधी विचारावं लागतं. आजची स्थिती प्रामाणिकपणे नोंदवलेली नसेल तर पुढची सगळी पानं नुसती शोभेची ठरतात. पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी, सोसायटीच्या कमिटीवरची मंडळी, सल्लागार कंपनीत नुकतेच लागलेले तरुण आणि स्थानिक बातमीदार अशा सगळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे.

सुरुवातीलाच: भिंतीच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं

लष्करी तळ ही कायद्याने संरक्षित जागा असते. भिंतीवरून फोटो काढणं, ड्रोन उडवणं, आत शिरून मातीचे नमुने घेणं यातलं काहीही करू नका. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ मध्ये 'प्रतिबंधित स्थान' अशी स्वतंत्र तरतूद आहे आणि अभ्यासासाठी गेलो होतो हा बचाव तिथे चालत नाही. तुमचं काम पूर्णपणे भिंतीबाहेर आणि जाहीर कागदपत्रांवर होऊ शकतं. आतली मोजणी करायचा अधिकार प्रकल्प राबवणाऱ्याचा आणि त्याने नेमलेल्या मान्यताप्राप्त सल्लागाराचा असतो. ती नीट झाली का, हे तपासणं आपलं काम.

त्याचबरोबर सुरक्षेचं नाव काढलं की सगळंच गुप्त, असंही समजू नका. माहितीचा अधिकार कायदा २००५ हवाई दलालाही लागू आहे. कलम ८(१)(क) मुळे सुरक्षेला बाधा आणणारी माहिती देता येत नाही, पण कलम १० नुसार गुप्त भाग वगळून उरलेली माहिती देता येते. म्हणून अर्जात इमारतींचा नकाशा मागू नका. किती झाडं तोडायची परवानगी मागितली, सांडपाणी कुठे सोडणार, पावसाचं पाणी कोणत्या नाल्यात जाणार, असे प्रश्न विचारा. त्यांना नकार देणं अवघड जातं.

पायरी पहिली: बदल एका वाक्यात लिहा

'विकासकामे' या शब्दावर कुणीच काही तपासू शकत नाही. बदल असा लिहा: कुठली जमीन, किती हेक्टर, आज कशी, उद्या कशी, किती वर्षांत. या लेखापुरतं एक काल्पनिक उदाहरण धरू या. ठाण्यातल्या एका तळावर १० हेक्टर मोकळं गवताळ मैदान आहे, कडेला जुनी झाडं, मधून पावसाळी ओहोळ. तिथे ५०० कुटुंबांसाठी निवासस्थानं, रस्ते, पार्किंग आणि छोटी बाग होणार. १० पैकी ६ हेक्टर जमीन काँक्रीट, डांबर आणि छतांखाली जाईल, ४ हेक्टर हिरवी राहील.

एवढ्याने अर्धी कामं सोपी होतात. प्रत्येक घर सरासरी १०० चौरस मीटरचं धरलं तर बांधकाम ५०,००० चौरस मीटर होतं. केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, म्हणजे हा प्रकल्प त्यात येतो. घरं कशाची, सैनिकांची की बिल्डरची, याने त्या आकड्यात फरक पडत नाही.

पायरी दुसरी: सीमा पाण्याने आखा

मंजुरीसाठी प्रकल्पधारक देतो त्या पर्यावरण परिणाम अहवालांमध्ये प्रकल्पाभोवती १० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलेलं असतं. हवेसाठी ते ठीक. पाण्याला मात्र वर्तुळ कळत नाही. नकाशावर आधी उतार शोधा: मैदानावरचा ओहोळ कोणत्या नाल्याला मिळतो, तो नाला कोणत्या वस्त्यांमागून जातो, खाडीला कुठे मिळतो. ठाण्यात येऊरच्या डोंगराचं पाणी पूर्वेला शहरातून खाडीकडे येतं. वाटेत तलाव, झोपडपट्टी, रेल्वे, हायवे सगळं लागतं. तुमच्या अभ्यासाची खरी सीमा म्हणजे हा नाला उगमापासून खाडीपर्यंत.

एक सकाळ काढून तो नाला चालून या. कुठे अरुंद झालाय, कुठे राडारोडा टाकलाय, कुठल्या पुलाखाली प्लास्टिक अडकतं ते वहीत लिहा. भिंतींवर मागच्या पुराच्या पाण्याच्या खुणा असतात. तळमजल्यावर राहणाऱ्यांना विचारा, 'पाणी कुठवर आलं होतं?' लोक हात लावून दाखवतात. टेपने ती उंची मोजा, तारीख लिहा. असल्या नोंदी संगणकीय मॉडेलला भारी पडतात, कारण मॉडेलमध्ये नाला स्वच्छ आणि पूर्ण रुंद धरलेला असतो.

भरतीही विसरू नका. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला की नाल्याचं तोंड बंद झाल्यासारखंच होतं. अहवालात नाल्याची क्षमता ओहोटीची धरली आहे की भरतीची, हा प्रश्न जरूर विचारा.

पायरी तिसरी: जमिनीचा इतिहास

मोकळी दिसणारी लष्करी जमीन स्वच्छ असेलच असं नाही. वाहनतळ, इंधनाच्या टाक्या, बॅटऱ्यांची खोली, चांदमारीचं (गोळीबाराच्या सरावाचं) मैदान, जुनी बरॅक, कचरा जाळण्याचा खड्डा, यातलं प्रत्येक काहीतरी मागे ठेवतं. जमिनीखालच्या टाकीतून झिरपलेलं पेट्रोल-डिझेल भूजलात जातं. चांदमारीच्या मातीच्या बांधात वर्षानुवर्षं शिशाच्या गोळ्या रुतून बसतात आणि पावसाबरोबर शिसं गाळात उतरतं. विमानतळांवर इंधनाची आग विझवायला वापरलेल्या फेसातली फ्लोरिनयुक्त रसायनं पाण्यात विरत जातात पण मोडत नाहीत. जुन्या बरॅकवर ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते फोडताना त्यांचे तंतू हवेत उडतात आणि ते काम करणाऱ्या मजुराच्या फुप्फुसात जातात. पाडकामाचा कंत्राटदार मास्क देतो का, पत्रे ओले करून उतरवतो का, हे अहवालात लिहून घेणं म्हणजे त्या मजुराची काळजी घेणं. या ओळीसाठी आग्रह धरा.

घरं बांधायची असतील, मुलं त्या मातीत खेळणार असतील, तर मातीची तपासणी जमिनीच्या जुन्या वापरानुसार झाली पाहिजे. मैदानावर कुठेही चार खड्डे घेऊन 'माती सामान्य' असं लिहिणं पुरेसं नाही. जिथे टाकी होती तिथे खोलवर, जिथे चांदमारी होती तिथे वरच्या थरात. आत काय होतं हे तुम्हाला दिसणार नाही, पण 'जमिनीच्या पूर्वीच्या वापराचा नकाशा करून त्यानुसार नमुने घेतले का?' हे विचारता येतं. उत्तर 'हो' किंवा 'नाही' असंच येतं.

कॅलिफोर्नियात फोर्ट ऑर्ड नावाचा मोठा तळ १९९४ मध्ये बंद झाला. एका भागात विद्यापीठ आलं, मोठा भाग निसर्गासाठी राखला गेला. पण सरावाच्या मैदानातला न फुटलेला दारूगोळा शोधून काढायचं काम त्यानंतर दशकानुदशकं चाललं.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण त्याहून जवळचं आहे. उल्हासनगर ही दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथल्या बरॅकमध्ये सुमारे लाखभर सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. आजही पत्ता सांगताना लोक कॅम्पचा नंबर सांगतात. त्या माणसांना छप्पर देणं आवश्यकच होतं आणि त्यांनी कष्टाने शहर उभं केलं. पण सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी केलेल्या जागेवर कायमची दाट वस्ती आणि कारखाने आले, आणि सांडपाण्याची सोय मागे राहिली. जीन्स धुण्याच्या कारखान्यांच्या रंगीत पाण्यापर्यंत सगळा भार वालधुनी नदीने घेतला. जमिनीचा वापर बदलला की पहिल्या बदलापेक्षा त्याच्या मागून येणारे बदल मोठे असतात, हे वालधुनीच्या काठावर उभं राहिलं की पटतं. म्हणून अहवाल वाचताना शोधा: या ५०० घरांमागून दुकानं, शाळा, रुंद रस्ता, दुसरा टप्पा असं काय काय येणार आहे, आणि त्याचा हिशेब धरला आहे का.

पायरी चौथी: आजची स्थिती, तीही पावसाळ्यातली

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या.

नियमांच्या चौकटीत बहुतेक प्रकल्पांना एका ऋतूची माहिती पुरते, आणि तो ऋतू पावसाळ्याखेरीजचा असतो. हवेच्या प्रदूषणासाठी यात अर्थ आहे, कारण पावसात धूळ खाली बसते. पण ठाण्यात वर्षभराचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. फेब्रुवारीत मैदानावर गेलेल्या माणसाला पिवळं गवत आणि कोरडा ओहोळ दिसतो. तो लिहितो, 'जागेवर जलस्रोत नाही, वनस्पती विरळ.' जुलैत तिथेच घोटाभर पाणी, बेडूक, तेरडा आणि चतुर असतात. टिटवी उघड्या खडेरी जमिनीवर अंडी घालते, मार्चपासून पावसाळ्यापर्यंत. अंडी खड्यांच्याच रंगाची असतात, त्यामुळे हिवाळ्यात केलेल्या पाहणीत तिचं घरटं सापडायचा प्रश्नच नाही. पाहणीची तारीख म्हणूनच अहवालात सगळ्यात आधी शोधा.

तुम्ही स्वतः करण्यासारखं काय आहे?

उपग्रहाची जाहीर चित्रं पाहा. लँडसॅटची १९७२ पासूनची आणि सेंटिनेल-२ ची २०१५ पासूनची चित्रं फुकट मिळतात, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. सेंटिनेलच्या चित्रात १० मीटरपर्यंतचा तपशील दिसतो, म्हणजे झाडांचे पट्टे, गवत, छपरं आणि पाणी ओळखता येतात. एकाच वर्षातली मे आणि ऑक्टोबरची चित्रं शेजारी ठेवली की त्या मैदानाची दोन रूपं दिसतात. लँडसॅटच्या उष्णतेच्या पट्ट्यावरून जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमानही काढता येतं. तळाची मोकळी जमीन आणि शेजारचे टॉवर यांच्यात सकाळी, उपग्रह वरून जातो त्या वेळी, किती फरक आहे ते त्यात कळतं, पण मोठ्या क्षेत्रासाठीच. एका इमारतीएवढ्या जागेसाठी ते वापरू नका, आकडा फसवा येईल.

पाणी जिरण्याची चाचणी भिंतीबाहेरच्या तशाच जमिनीवर करा, मालकाला विचारून. साधारण १५ सेंटिमीटर व्यासाचा, दोन्ही बाजूंनी उघडा पाइपचा तुकडा घ्या. तो लाकडी फळी वर ठेवून हातोडीने पाचेक सेंटिमीटर जमिनीत बसवा. आधी एकदा पाणी ओतून माती भिजवून घ्या. मग आत १० सेंटिमीटर पाणी भरा, पट्टी उभी धरा आणि दर पाच मिनिटांनी पातळी लिहा. गवताखाली, पायवाटेवर आणि रोलर फिरलेल्या मैदानात, तिन्हीकडे करा. पायवाटेवरचं पाणी तसंच तोंड वर करून उभं राहतं आणि गवताखालचं भराभर उतरतं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की 'हिरवी जागा' या शब्दातला घोळ लक्षात येतो. दाबून सपाट केलेल्या लॉनचा रंग हिरवाच असतो, जिरवणूक मात्र पायवाटेची. अहवालात ४ हेक्टर हिरवे दाखवले असतील तर त्यातलं किती पार्किंगवरचं लॉन आहे आणि किती अखंड माती, ते वेगळं मागा. हीच चाचणी जुलैत पुन्हा करा, कारण भिजलेली जमीन वेगळं उत्तर देते.

आवाजाची पातळी मोजायची असेल तर मोबाइलचं ॲप अंदाजापुरतं ठीक, पण लेखी आक्षेपात तपासून घेतलेल्या मीटरचेच आकडे द्या. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. येऊरसारख्या ठिकाणी मात्र ४५ च्या आत आहे म्हणून बिनधास्त असं म्हणता येत नाही. तिथला बिबट्या, वटवाघळं, घुबडं अंधार आणि शांततेवर जगतात, आणि अंधारासाठी कोणतीच मर्यादा लिहिलेली नाही. म्हणून किती दिवे, कोणत्या रंगाचे, खाली झाकलेले की चौफेर, रात्री किती वाजता बंद, हे आजच्या स्थितीच्या प्रकरणात यायला हवं.

येऊरच्या पाड्यांवरच्या माणसांशीही बोला. कुठल्या ओढ्याला कधीपर्यंत पाणी असतं, बिबट्या कोणत्या वाटेने उतरतो, कोणती भाजी पहिल्या पावसानंतर कुठे येते, हे त्यांना कुठल्याही सल्लागारापेक्षा जास्त माहीत असतं. त्यांनी सांगितलेलं त्यांच्या परवानगीने लिहा आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा.

पायरी पाचवी: पाण्याचा हिशेब हाताने करून पाहा

आकडेमोड आठवीच्या गणिताची आहे, घाबरू नका. आपल्या उदाहरणातल्या १० हेक्टरवर तासाभरात ६० मिलिमीटर पाऊस पडला असं धरा. ठाण्यात असा तास पावसाळ्यात येतो. १,००,००० चौरस मीटर गुणिले ०.०६ मीटर म्हणजे ६,००० घनमीटर, म्हणजे ६० लाख लिटर पाणी.

त्यातलं किती वाहून जातं ते जमिनीवर ठरतं. कोरड्या गवताळ जमिनीसाठी वाहून जाण्याचं प्रमाण ०.३ धरू, छप्पर-रस्त्यांसाठी ०.९. आज वाहून जातात १८ लाख लिटर. उद्या ६ हेक्टर ०.९ ने आणि ४ हेक्टर ०.३ ने, म्हणजे सरासरी ०.६६, जवळजवळ ४० लाख लिटर. वाढ २२ लाख लिटरची, दहा हजार लिटरचे २२० टँकर एका तासात.

आता इथेच थांबून आक्षेप लिहायचा मोह होतो, पण जुलैतली भिजलेली जमीन इतकं पाणी पीत नाही. गवतासाठी ०.५ धरा. आज ३० लाख, उद्या ०.७४ ने ४४ लाखांच्या पुढे. वाढ १४ लाख लिटरची. आक्षेपात हा दुसरा आकडा द्या. सल्लागार पहिला आकडा दोन मिनिटांत खोडेल, दुसरा खोडता येणार नाही.

आणि मग उपाय मोजा. १४ लाख लिटर म्हणजे १,४०० घनमीटर. ते तासभर अडवून हळूहळू सोडायचं तर दीड मीटर खोलीचं, साधारण ९३० चौरस मीटरचं तळं लागेल. १० हेक्टरमध्ये एवढी जागा निघते. अहवालात त्याऐवजी 'पर्जन्यजल संधारणाचे खड्डे' लिहिलेले असतील तर त्यांची एकूण क्षमता मागा आणि भूजलाची पावसाळ्यातली पातळी विचारा. खाडीजवळ भूजल वरच असतं, तिथे जुलैत खड्डा आधीच भरलेला असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेवढ्यासाठी कोणी तळं बांधणार नाही, पण हिशेब नेहमीच्या जोरदार पावसाचा तरी असावा.

सांडपाणीही असंच काढा. ५०० घरं, घरटी पाच माणसं, माणशी १३५ लिटर: रोज ३,३७,५०० लिटर पाणी लागेल. त्याच्या ८० टक्के, म्हणजे २,७०,००० लिटर सांडपाणी. प्रक्रिया केंद्र एवढ्याचं आहे का, आणि प्रक्रिया केलेलं पाणी पावसाळ्यात कुठे जाणार? उन्हाळ्यात बागेला जाईल हे सगळेच लिहितात.

पायरी सहावी: तक्ता

परिणाम डोक्यात ठेवू नका, तक्त्यात मांडा. १९७१ मध्ये अमेरिकेत जलतज्ज्ञ ल्यूना लिओपोल्ड आणि सहकाऱ्यांनी १०० कामं आणि ८८ पर्यावरणीय बाबींचा भलामोठा तक्ता केला होता. प्रत्येक चौकटीत परिणाम किती मोठा आणि किती महत्त्वाचा, असे १ ते १० चे दोन गुण. आपल्याला पन्नास-साठ चौकटी पुरतात. आडव्या ओळीत भराव, पाडकाम, झाडतोड, बांधकाम, वस्ती, रात्रीचे दिवे, वाहतूक. उभ्या रांगेत नाला, भूजल, माती, उष्णता, झाडं, पक्षी, शेजारची वस्ती, मजूर.

गुण एकट्याने देऊ नका. तिघांनी वेगवेगळे द्यावेत आणि जिथे तिघांत मोठी तफावत येते तिथेच चर्चा करावी. बाकी चौकटींवर वेळ घालवू नका. आणि गुणांची बेरीज कधीही करू नका. नाल्याचे ९ वाईट आणि बागेचे ९ चांगले म्हणून शून्य, असा हिशेब पाणी शिरलेल्या घरातल्या बाईला सांगता येईल का?

पायरी सातवी: परवानग्यांचा गुंता

पर्यावरण मंजुरीतून संरक्षण प्रकल्पांची आपोआप सुटका होत नाही. सूट मिळते ती जनसुनावणीतून: राष्ट्रीय संरक्षणाच्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेतच ती दिलेली आहे, आणि साध्या इमारत प्रकल्पांनाही सुनावणी नसते. म्हणून सुनावणीची वाट पाहत बसलात तर ती येणारच नाही. पर्यावरण मंजुऱ्यांच्या सरकारी 'परिवेश' पोर्टलवर अर्ज दिसतो, राज्यस्तरीय तज्ज्ञ समितीच्या बैठकींची इतिवृत्तं जाहीर होतात. अर्ज समितीपुढे जाण्याआधी लेखी आक्षेप पोचवणं हा तुमचा खरा मार्ग. दोन पानं पुरेत, आकडे आणि नाल्याचे फोटो जोडून.

जागा खाडीलगत असेल तर सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम येतात. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये तिवरांची तोड आणि तिवरांभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातलं बांधकाम रोखलं, जमीन कोणाचीही असो. ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ पासून आहे आणि २०२२ मध्ये खाडीला पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय 'रामसर' दर्जाही मिळाला, त्यामुळे तुमचा नाला खाडीत गाळ किती नेतो हा प्रश्न आता स्थानिक राहिलेला नाही.

येऊरच्या बाजूला वन आणि वन्यजीव कायदे लागतात. राष्ट्रीय उद्यानाभोवतीचं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर झालं. वनसंवर्धन कायद्यात २०२३ साली दुरुस्ती होऊन सुरक्षाविषयक बांधकामांना १० हेक्टरपर्यंत सवलतीची वाट निघाली, पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ त्यामुळे बाजूला होत नाही. कागद पाहताना प्रकल्पाचं क्षेत्र ९.९ हेक्टर दिसलं तर शेजारी दुसरा तुकडा आहे का, ते बघा.

शहरी झाडांसाठी १९७५ चा वृक्ष कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं वा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं. लष्करी आवारात अशी झाडं असतात, कारण तिथे इतकी वर्षं कोणी रस्ता रुंद केलेला नसतो. झाडांच्या यादीत घेर लिहिला आहे का पाहा. सगळ्या झाडांचा घेर एकसारखा दिसला तर यादी टेबलावर बसून केलेली आहे.

पायरी आठवी: पर्याय

अहवालातलं 'पर्यायांचा विचार' हे प्रकरण बहुधा एका पानाचं असतं आणि त्यात लिहिलेलं असतं की जागा संस्थेच्याच ताब्यात असल्याने पर्यायाचा प्रश्न येत नाही. हे मान्य करू नका. जागा तीच ठेवूनही पर्याय असतात. ५०० घरं उंच इमारतींत बसवून ६ ऐवजी ३ हेक्टर जमीन झाकता येते का? आधीच काँक्रीट असलेल्या जुन्या बरॅकच्या जागी बांधून मैदान मोकळं राहतं का? ओहोळ पाइपात न घालता दोन्ही काठांसह उघडा ठेवता येतो का? सैनिकांच्या कुटुंबांना चांगली घरं मिळायलाच हवीत, त्याबद्दल दुमत नाही. तीच घरं नाल्याकाठच्या लोकांना न बुडवता कशी बांधता येतील ते दाखवून दिलंत, तर तळावरचे अधिकारीही ऐकतात. त्यांचीच मुलं त्या घरांत राहणार असतात.

पायरी नववी: मंजुरी मिळाल्यावर

मंजुरीचं पत्र जाहीर झालं आणि ते चुकीचं वाटलं तर राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करायला ३० दिवस असतात. पुरेसं कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यापुढे एकही नाही. आपल्याकडचं पीठ पुण्यात आहे. पत्र आलं त्या दिवशीच तारीख लिहून ठेवा.

अपील करायचं नसलं तरी पत्र पूर्ण वाचा. प्रत्येक अट क्रमांकाने लिहिलेली असते. प्रकल्पधारकाने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पूर्ततेचा सहामाही अहवाल द्यायचा असतो. त्या अहवालाशेजारी तुमची नाल्याची वही ठेवा. तळं बांधल्याचं लिहिलंय, पण जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात पुलाखालची पातळी मागच्या वर्षीपेक्षा वर आली? मग पत्र लिहा: अट क्रमांक, तारीख, वेळ, त्या वेळची भरती, मोजलेली उंची, सार्वजनिक पुलावरून काढलेला नाल्याचा फोटो. तळाची भिंत फोटोत येऊ देऊ नका. मूळ पत्र केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाला, प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि महापालिकेला, आणि पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.